टेपसोबत थर्मामीटरही विहिरीत सोडा

प्रति,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील वरिष्ठ अधिकारी,
तसेच जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचे वरिष्ठ भूवैज्ञानिक

विषय: खानदेशातल्या भूजलाचं तापमान नियमित मोजून ते लोकांसमोर ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यात केळी पिकवण्याच्या चेंबरांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, त्यानंतर हेच काम. भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जमिनीखालच्या पाण्याशी माझा संबंध रोजचा आहे आणि तो कसा आला हे सांगितल्याशिवाय पुढची मागणी तुम्हाला विचित्र वाटेल.

मे महिन्यात दुपारी एक-दीडला फोन येतो, "मिस्त्री, मशीन हायला ट्रिप होतंय." म्हणजे गॅसचा दाब फार वाढून मशीन बंद पडतंय. बाहेर पंचेचाळीस अंश. आत सोळा-सतरा अंशांवर माल ठेवायचाय, आणि आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवरचा पंखा त्याच पंचेचाळीस अंशांच्या हवेनं कॉइल गार करायला धडपडतोय. मी पोचतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच देखावा असतो. चेंबरवरचा पोरगा हातात ट्यूबवेलची नळी धरून कंडेन्सरवर पाणी मारत असतो. दाबाच्या गेजचा काटा चारशेच्या जवळ असतो तो डोळ्यांदेखत खाली येतो, मशीन पुन्हा चालू होतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दोन महिन्यांनी त्याच कॉइलच्या पात्यांवर पांढरा क्षार बसलेला असतो, हवा आरपार जात नाही आणि मालकाला नवीन कॉइलचा खर्च सांगायला परत मीच जातो. पाणी मारू नका म्हणून किती वर्षं सांगतोय. पण ते मारतात, कारण त्याचा उपयोग होतो. ते पाणी हवेपेक्षा पंधरा अंशांनी गार असतं.

आता जानेवारी घ्या. पहाटे पारा आठ-नऊवर उतरला की आमच्याकडे रात्रीच केळीला पाणी सोडतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात. थंडीनं घड अडकू नये, पान करपू नये म्हणून. नळीच्या तोंडाशी वाफ निघताना दिसते. बारं देणारा माणूस पाय पाण्यात ठेवून उभा राहतो, कारण तेवढीच जागा ऊबदार असते. माझे काका म्हणायचे, "हाई पानी ऊन शे रे भो, रातले हाईच सोड." तेच काका मे महिन्यात त्याच ट्यूबवेलच्या पाण्यानं तोंड धुऊन म्हणायचे, काय गारेगार पाणी आहे.

पाणी मात्र दोन्ही वेळेला सारखंच असतं. आमच्या ट्यूबवेलचं पाणी जानेवारीत साडेएकोणतीस आणि मे महिन्यातही साडेएकोणतीस अंश भरलं. बदलते ती हवा. इंग्रजी नाव न घेता खानदेशचा शेतकरी जमिनीतली उष्णता हिवाळ्यात काढतो आणि उन्हाळ्यात चेंबरवाला आपली उष्णता तिच्यावर ओततो. याला कमी तापमानाची भूऔष्णिक ऊर्जा म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

मोजायला लागलो ते एका फजितीमुळे. पहिल्यांदा थर्मामीटर धरला तो शेताच्या दुसऱ्या टोकाला, नळीच्या तोंडाशी. छत्तीस अंश! मी आनंदानं दोन-चार जणांना फोन केले की आपल्याखाली उनपदेवासारखा गरम पाण्याचा झरा निघालाय. नंतर लक्षात आलं की ते पाणी दोनशे फूट काळ्या पाईपात उन्हात पडून तापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटर तासभर चालवून, विहिरीच्या तोंडाशीच मोजलं तेव्हा साडेएकोणतीस. वर एका जाणत्या माणसानं सांगितलं की हेही खरं नव्हे, मोटर पाणी तापवते. हे आमच्याकडे सगळेच मानतात. म्हणून हिशेब केला. दहा हॉर्सपॉवरची मोटर नऊ-दहा किलोवॉट वीज खाते. सेकंदाला सहा लिटर पाणी येत असेल तर ते एक अंश तापवायला पंचवीस किलोवॉट लागतात. म्हणजे मोटरची सगळीच्या सगळी वीज पाण्यात उष्णता होऊन उतरली तरी अर्धा अंशही वाढत नाही. आणि सगळी तशी उतरतही नाही, बरीचशी पाणी वर उचलण्यात जाते.

पुढे मेहुण्याच्या एका बंद पडलेल्या ट्यूबवेलमध्ये, कॉलम पाईप काढून झाल्यावर, लांब वायरवर जलरोधक सेन्सर सोडला. सेन्सर आधी बर्फाच्या पाण्यात तपासला होता, शून्याऐवजी ०.४ दाखवत होता, तेवढं वजा धरलं. पन्नास मीटरवर २८.९ आणि नव्वद मीटरवर ३०.१ भरलं. चाळीस मीटरांत १.२ अंश, म्हणजे किलोमीटरला तीस. यात चमत्कार काही नाही, जगात बहुतेक ठिकाणी जमीन किलोमीटरभर खोलीला साधारण पंचवीस-तीस अंश याच गतीनं तापत जाते. एका बोअरवरून खानदेशचं काहीच ठरत नाही, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय.

तुमची माणसं राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा जातात. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. टेप सोडतात, पातळी लिहितात, निघतात. पातळी किती फूट खाली गेली ते आम्ही पेपरात वाचतो. पाणी किती अंशांचं आहे, हा आकडा मात्र आमच्या गावात मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. माझी मागणी एवढीच आहे की त्या टेपसोबत थर्मामीटरही खाली जाऊ द्या. उघड्या विहिरीत वरचं पाणी उन्हानं तापतं, ते मोजून फारसं हाती लागणार नाही. पण जिथे पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजायला मारलेले अरुंद बोअर आहेत, तिथे दर पाच-दहा मीटरला एक नोंद घ्यायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील. वरच्या दहा-पंधरा मीटरांतलं तापमान ऋतूप्रमाणे हलतं, त्याखालचं स्थिर असतं. आणि जिथे पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रं बसवली आहेत (अटल भूजल योजनेत जळगाव जिल्हा होताच), तिथे तर मिनिटभरही जास्त नको. दाबावर चालणाऱ्या अशा बहुतेक सेन्सरांत तापमान मोजायची सोय आधीच असते. तो रकाना लोकांसाठी उघडा करा.

"भूऔष्णिक" म्हटलं की आपल्याकडे लगेच गरम पाण्याच्या झऱ्याकडे बोट जातं. अडावदजवळचा उनपदेव, सुनपदेव, नाझरदेव, शहादा तालुक्यातला उनपदेव. सगळे सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे तापीचं खोरं आणि डोंगर यांच्यामध्ये जमिनीची जुनी भेग आहे. पौषातल्या यात्रेला मीही गोमुखाखाली अंघोळ केली आहे. रामानं बाण मारून शरभंग ऋषींसाठी हे पाणी काढलं, अशी कथा तिथे सांगतात. भूवैज्ञानिक सांगतात ते असं, की डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून खाली खोल जातं, तापतं आणि भेगेवाटेच वर येतं. अडावदच्या उनपदेवाचं पाणी सुमारे ६० अंश धरलं आणि किलोमीटरला तीस अंश धरले, तर ते किमान एक किलोमीटर खोल जाऊन आलेलं असणार. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालाय.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९९१ मध्ये देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह काढला, २०२२ मध्ये तो नवा केला. त्यात देशभरातली ३८१ ठिकाणं आहेत, आणि सोन-नर्मदा-तापी पट्टा त्यात स्वतंत्र प्रांत म्हणून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं भूऔष्णिक ऊर्जेचं पहिलं राष्ट्रीय धोरणही जाहीर केलं. ते आल्यापासून आमच्याकडे काही उत्साही मंडळी उनपदेवावर वीज तयार करायच्या गप्पा करतात. माझी कळकळीची विनंती आहे, तसलं काही नको. साठ अंशांच्या पाण्यावर टर्बाइन फिरवून जी वीज येईल, तिच्यात यात्रेतले दिवे लागतील आणि फार तर पंपहाऊस. शेजारी बोअर मारून गोमुखाची धार बारीक झाली, तर ती परत कोण आणून देणार? तिथे फक्त तापमान आणि धारेचा वेग मोजा, वर्षानुवर्षं मोजा. तेवढं पुरे.

नंदुरबारच्या मिरची पथारीचं, म्हणजे मिरची उघड्यावर पसरून वाळवायच्या जागेचं उदाहरण देऊन कुणी म्हणेल, मग ऊन पाण्याच्या उष्णतेवर मिरची वाळवा. मी तो विचार केलाय. अवकाळी पाऊस आला की पथाऱ्यांवरची लाल मिरची काळी पडते, व्यापारी ताडपत्र्या घेऊन पळतात, हे मी पाहिलंय. पण झरा एकीकडे आणि पथारी दुसरीकडे. उष्णता ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. जिथे आहे तिथेच वापरावी लागते.

म्हणूनच मला झऱ्यांपेक्षा तापीच्या गाळात जास्त रस आहे. चोपडा, यावल, रावेरच्या पट्ट्यात पिवळी माती आणि रेतीचे थर एकावर एक, खोलवर गेलेले. बोअर मारणाऱ्याला विचारा, तो सांगेल किती फुटांवर पिवळी, किती फुटांवर रेती. एका एकराखाली पाण्यानं भरलेला तीस मीटर जाडीचा रेतीचा थर धरा, त्यात वीस टक्के पाणी. तो थर एका अंशानं तापवायला किंवा गार करायला सुमारे ८८ हजार युनिट ऊर्जा लागते. एका एकराला, एका अंशाला. हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी तो तीनदा तपासला.

पण हा आकडा म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे, आणि इथेच खरं मूल्यमापन सुरू होतं. कोठी मोठी असली तरी तिचं दार केवढं, हे पाहावं लागतं. रेती पाणी किती वेगानं सोडते, थर सलग आहे की मध्येच मातीत संपतो, आणि मुख्य म्हणजे पाणी किती खोल आहे.

शेवटचा मुद्दा आमच्या धंद्यातल्या हिशेबानं सांगतो. कंडेन्सरमधलं गॅसचं तापमान एक अंश उतरलं की दोन-तीन टक्के वीज वाचते, असा आमचा ठोकताळा. मे महिन्यात हवेवर चालणारा कंडेन्सर पंचावन्नच्या पुढे असतो. तिशीतल्या पाण्यावर तो चाळीसला राहील. म्हणजे साधारण एक तृतीयांश वीज वाचायला हवी. बारा किलोवॉट खाणारं मशीन असेल तर चार किलोवॉट. ते मशीन साधारण पन्नास किलोवॉट उष्णता बाहेर टाकतं. पाणी पाच अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर सेकंदाला २.४ लिटर पाणी लागेल. पाणी साठ मीटरवर असेल तर ते उचलायला, पंपाची निम्मी कार्यक्षमता धरून, पावणेतीन किलोवॉट जातील. उरले सव्वा. एवढ्यासाठी कोण दोन बोअर मारेल? तेच पाणी वीस मीटरवर असेल तर उचलायला एकच किलोवॉट लागेल आणि तीन हातात राहतील.

म्हणजे आमच्या तालुक्यात जिथे उपसा करून करून पाणी पाताळात गेलंय, तिथे ही योजना पांगळी. जिथे पातळी वर आहे तिथे ती पळेल. ती जागा तापीकाठी कुठे, अनेर-मोरकडे कुठे, शिरपूरकडे कुठे, हे मी वायर घेऊन विहिरीविहिरीनं शोधू शकत नाही. तुमच्याकडे पातळी आहे, बोअरमधल्या थरांच्या नोंदी आहेत, उपसा चाचण्या आहेत. त्यात तापमान घाला आणि एकाच नकाशावर चारही गोष्टी दाखवा. तो नकाशा घेऊन चेंबरवाला, कोल्ड स्टोरेजवाला, दवाखाना बांधणारा, कुणीही आपापला हिशेब स्वतः करील.

एक अट मात्र तुम्हीच घालायला हवी. काढलेलं पाणी परत त्याच थरात गेलं पाहिजे. अतिउपशाच्या चर्चेत रावेर-यावलचं नाव आम्ही पोरवयापासून ऐकतोय. अशा ठिकाणी गटारीत सोडायला पाणी उपसणं म्हणजे पाप. एका बोअरमधून काढायचं, बंद नळीतून उष्णता बदलणाऱ्या पेटीत न्यायचं, दुसऱ्या बोअरमधून परत सोडायचं. बंद नळी म्हणजे खरोखर बंद. वाटेत हवा लागली की लोह आणि क्षार बाहेर पडतात आणि परतीच्या बोअरची जाळी चोंदते. कॉइलवरचा पांढरा थर रोज खरवडणाऱ्या माणसाचं हे म्हणणं आहे, पुस्तकातलं नाही.

परत गेलेलं पाणी पाच अंशांनी तापलेलं असेल. ते हळूहळू पहिल्या बोअरकडे सरकेल. दिलासा एवढाच की वाटेतली रेती उष्णता शोषत जाते, त्यामुळे पाणी जितकं सरकतं त्याच्या साधारण एक तृतीयांश वेगानंच ऊब सरकते. पण सरकते. आणि आपल्याकडे थंड देशांसारखं हिवाळ्यात ती उष्णता काढून घर गरम करणारं कुणी नाही. दरवर्षी जमिनीत फक्त टाकतच राहिलो तर दहा-पंधरा वर्षांनी तोच थर निकामी होईल. जानेवारीच्या रात्री पाणी फिरवून उष्णता आकाशात सोडता येईल, किंवा तेच ऊबदार पाणी केळीला देता येईल. दोन बोअरमध्ये किती अंतर हवं, किती वर्षांत किती ऊब साठेल, हे गणित तापमानाच्या नोंदीशिवाय होत नाही. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे. पातळी वर असलेल्या एखाद्या ठिकाणी अशी एक जोडी बसवून तीन-चार वर्षं नुसती मोजा. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळेल आणि आम्हाला उत्तर.

घाई का करतोय, तेही सांगतो. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरणाचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरावरून वाहून आलेल्या गाळ-गोट्यांच्या जमिनीत, पुराचं पाणी मुरवायची ती योजना. आमच्याकडे तिची वाट पाहून डोळे शिणलेत, ती व्हावीच. पण ते पाणी एकदा खाली उतरायला लागलं की जमिनीतलं आजचं तापमान पुसलं जाईल. पुराचं पाणी एका तापमानाचं, खालचं दुसऱ्या. फरक एखाद-दोन अंशांचा असेल, पण दशांश अंश मोजणाऱ्या सेन्सरला तो दिसतो. मुरलेलं पाणी कुठल्या दिशेनं, किती वेगानं, कुठल्या थरातून गेलं, हे त्या फरकावरून ओळखता येतं. रंग टाकायला नको, मीठ टाकायला नको. फक्त आधीची नोंद हवी. ती आज घेतली तर आहे, कालवे सुरू झाल्यावर घेता येणार नाही. कुणाला भूऔष्णिक ऊर्जेत रस नसेल तर नसू दे. कोट्यवधी रुपये खर्चून मुरवलेलं पाणी नक्की कुठे गेलं, एवढं कळायलाही हाच थर्मामीटर लागेल.

माझ्या नोंदवहीची प्रत वेगळी पाठवतोय. त्यात एका ट्यूबवेलच्या तेरा महिन्यांच्या नोंदी आहेत. मार्चचा आठवडाभर कोरा आहे, कारण वायर उंदरानं कुरतडली होती. आकडे ताडून पाहायचे असतील तर पहाटे पाचच्या आत या, साडेपाचला थ्री फेज येते आणि शेजारच्या मोटरा सुरू होतात. बर्फाचं पाणी मी तयार ठेवीन, तुमचा सेन्सर आधी त्यात घालू.

आपला,
एक चेंबर-मिस्त्री
रावेर तालुका, जिल्हा जळगाव